किलवरच्या सव्वीस तिर्र्या



आपल्या भित्तिपत्रकात ‘करून पाहा’ हे सदर असते. मागच्या खेपेला लिंबाच्या रसाची अदृश्य शाई होती. या खेपेला माझी पाळी आली तेव्हा मी गुरुजींना विचारले, पत्त्यांच्या जादूवर लिहू का? गुरुजी जरा थांबले. पत्ते म्हटले की आपल्या गावात मोठ्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे त्यांना ठाऊक आहे. मग म्हणाले, “लिही, पण सगळे लिही. अर्धे लिहू नकोस.” म्हणून हा लेख जरा लांबला आहे. वाचताना पाय दुखले तर मधल्या सुटीत उरलेला वाचावा.

मे महिन्याच्या सुटीत मी लालबागला मामाकडे गेले होते. तिथे चाळीत माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, राहतात. आजोबा पूर्वी परळच्या एका गिरणीत होते. आता त्या भागात गिरण्यांच्या जागी उंच उंच इमारती झाल्या आहेत. चाळीच्या गॅलरीतून बघायला गेले तर मान दुखते. दुपारी आजोबा मला म्हणाले, “काय गो, टीव्ही बघून कंटाळलंस? वायच गंमत बघ.” आणि त्यांनी ट्रंकेतून एक जुना पत्त्यांचा कॅट काढला.

त्यांनी कॅट उभा धरला, पाने माझ्या तोंडासमोरून फरफर सोडली. सगळी वेगवेगळी पाने होती. बदाम राणी, चौकट नव्वी, इस्पिक गुलाम. मग कॅट पालथा धरून पुन्हा सोडू लागले नि म्हणाले, “खय थांबू ता सांग.” मी थांबा म्हटले. त्या जागचे पान मी उचलले, पाहिले, परत ठेवले. किलवरची तिर्री होती. आजोबांनी कॅट दोनदा कापला, त्यावर टिचकी मारली आणि सर्वांत वरचे पान उलटले. किलवरची तिर्री! मी पुन्हा करा म्हटले. पुन्हा तिर्रीच. शेवटी त्यांनी कॅट उताणा करून पाने सोडली तर सगळ्या कॅटभर तिर्र्याच तिर्र्या. मी तर ओरडलेच. शेजारच्या खोलीतल्या आजी बाहेर येऊन बघू लागल्या.

आता खुबी सांगते. हा कॅट साधा नाही, मुद्दाम तयार केलेला आहे. यात बावन्न पानांपैकी सव्वीस वेगवेगळी आहेत आणि सव्वीस एकच, किलवरची तिर्री. या सव्वीस तिर्र्यांचा एक काठ कात्रीने अगदी थोडा, तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी, कापलेला आहे. कोपरे नखे कापायच्या कटरने पुन्हा गोल केले आहेत. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. कॅट पालथा धरला की वरून आधी आखूड तिर्री, तिच्याखाली लांब पान, पुन्हा तिर्री, पुन्हा लांब पान, असे तळापर्यंत लावायचे. तळाचे पान लांब येते. दर लांब पानावर एक तिर्री बसलेली असते, एवढे लक्षात ठेवा म्हणजे पुढचे समजेल.

कॅट अंगठ्याच्या बाजूने जमिनीवर ठोकून सारखा करायचा. मग पलीकडच्या काठाला बोटे लावून पाने किंचित वाकवायची आणि खालून एकेक सोडत जायची. बोटांच्या टोकाला फक्त लांब पाने लागतात. लांब पान सुटले की त्याच्या पाठीवरची तिर्रीही त्याच्याबरोबर खाली येते, कारण ती आखूड, तिला बोट पोचतच नाही. म्हणजे पाने एकेक पडत आहेत असे दिसते, पण पडतात ती जोडीने. त्यामुळे बघणाऱ्याने कुठेही थांबवले तरी खालच्या गठ्ठ्यावर वरचे पान तिर्रीच! तो समजतो मी निवडले. कॅट उभा धरून तोंडे त्याच्याकडे केली की जोडीतल्या लांब पानाचे तोंड दिसते, तिर्री मागे दडते, म्हणून सगळी पाने वेगळी वाटतात. उताणा करून सोडला की उलट होते, जोडीतली तिर्री वर येते. फक्त तेव्हा सर्वांत वर एक लांब पान उघडे पडते. ते आधीच हळूच काढून खाली घालावे. मी पहिल्यांदा ते विसरले होते. वर चौकट छक्की आणि खाली सगळ्या तिर्र्या, मामेभाऊ पोट धरून हसला.

असा कॅट जादूगारांच्या जगात ‘स्वेंगाली’ नावाने ओळखला जातो. जॉर्ज द्यु मोरिए या लेखकाच्या १८९४ सालच्या ‘ट्रिल्बी’ कादंबरीत स्वेंगाली नावाचा एक माणूस दुसऱ्याला भुरळ घालून आपल्या मनासारखे करायला लावतो, त्याच्यावरून हे नाव पडले. बर्लिंग हल या अमेरिकन जादूगाराने १९०९ च्या सुमारास हा कॅट पुढे आणला असे मानतात. आपल्याकडचे मोठे जादूगार म्हणजे रघुवीर. त्यांचे आडनाव भोपळे, जन्म १९२४ सालचा, पुणे जिल्ह्यातल्या आंबेठाण गावचा. त्यांनी देशोदेशी जाऊन मराठी माणसाची जादू दाखवली. १९८४ साली ते वारले. आजोबा त्यांचे नाव निघाले की कान पकडतात, गाण्यातल्या उस्तादाचे नाव घ्यावे तसे.

पण आजोबांना हे कुणी शिकवले नाही. त्यांनी ते कसे मिळवले, ती हकिगत खरी ऐकण्यासारखी आहे.

आजोबा १९७५ साली अठराव्या वर्षी मुंबईला गेले. पहिला पगार घेऊन दादर स्टेशनाबाहेर आले तर एक माणूस फुटपाथवर तीन पाने टाकत होता. त्यांत एक राणी. राणी कुठली ते ओळखा आणि दुप्पट पैसे घ्या. दोन माणसे सारखी जिंकत होती. आजोबांनी चाळीस रुपये लावले आणि घालवले. “चाकरमान्याचो पगार आणि पाच मिन्टां,” असे ते अजून म्हणतात. त्या महिन्यात गावाला मनिऑर्डर गेली नाही. नंतर त्यांना कळले की जिंकणारी ती दोन माणसे त्याचीच होती. आणि त्याच्या हातात दोन पाने एकावर एक असत, आपल्याला वाटे खालचे पान आधी पडले, पण तो सफाईने वरचे टाकत असे. तेव्हापासून पत्ते बघायला बसले की आजोबा पानांकडे न बघता हाताकडे बघू लागले.

पुढे एका वर्षी ते गणपती बघायला गिरगावात गेले. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव आहे, मुंबईतला सर्वांत जुना. आमच्या लालबागचा राजा १९३४ चा, म्हणजे त्या मानाने तरुणच! तर गिरगावातल्या दुसऱ्याच एका चाळीत गणपतीपुढे जादूचा कार्यक्रम चालला होता. त्यात हाच पत्त्यांचा खेळ झाला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि आजोबा हात बघत होते. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. जादूगार कॅट कापताना नेहमी पुढून-मागून धरी, बाजूंनी कधीच नाही. आणि तो कॅट पिसायला कुणाच्या हातात देत नव्हता. आजोबा परत येऊन महिनाभर विचार करत होते. एकदा पाळीवरून आल्यावर रात्री त्यांनी एक पान कापून बघितले आणि कोडे सुटले.

आता अडचण अशी की एका कॅटमध्ये किलवरची तिर्री एकच असते. सव्वीस तिर्र्यांना सव्वीस कॅट हवेत, तेही एकाच पाठीचे. पैसे कुठून आणणार?

आजोबा तेव्हा गावकीच्या खोलीत राहत होते. आपल्या वाडीतल्या पुष्कळ घरांतले आजोबा-पणजोबा अशा खोल्यांत राहिलेले आहेत. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस जण, प्रत्येकाची ट्रंक आणि वळकटी. दिवसपाळीवाले गेले की रातपाळीवाले त्याच जागेवर झोपत. जेवण खाणावळीत. रिकाम्या वेळी पाच-तीन-दोनचा डाव. हा डाव ज्यांना येतो त्यांना माहीत आहे की त्यात तीसच पाने लागतात. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची आणि दोन सत्त्या. बाकीची बावीस पाने बाजूला पडून राहतात. खेळून खेळून राजा-राण्या मळतात, फाटतात, पण दुर्री-तिर्री नव्या कोऱ्या असतात. म्हणून आजोबांनी तिर्री निवडली! कॅट टाकून द्यायची वेळ आली की ते त्यातली किलवरची तिर्री काढून ट्रंकेत ठेवत. कॅट आणायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते, म्हणजे पाठ दरवेळी तीच येई. मला त्यांची ही युक्ती जादूपेक्षा जास्त आवडली.

१९८१ च्या शेवटी त्यांच्याकडे एकोणीस तिर्र्या झाल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आधी सगळ्यांना वाटले महिना-दोन महिन्यांत मिटेल. खोलीत दिवसभर डाव चालत. नवा कॅट घ्यायला पैसे नसत, तेव्हा फाटलेल्या पानांना कागद चिकटवून खेळत. मग एकेक जण गावाला निघाला. जाताना वळकटी नेई, ट्रंक नेई, पत्ते कोण नेणार? ते कोनाड्यात पडून राहत. संप अधिकृतपणे मागे घेतला असे कधी झालेच नाही, माणसेच पांगली. आजोबांच्या सव्वीस तिर्र्या पुऱ्या झाल्या तेव्हा पंचवीस जणांच्या खोलीत चौघे उरले होते. हे सांगताना आजोबा पाने मोजत होते, माझ्याकडे बघत नव्हते. मग त्यांनी पुढे एका दुकानात नोकरी धरली आणि लालबागलाच राहिले. जादू मात्र गणपतीत चाळीतल्या पोरांना दाखवायचे, तेवढीच.

सुटी संपताना त्यांनी तो कॅट मला दिला. दोन अटी घातल्या. एकाच माणसापुढे लागोपाठ दोनदा करायचा नाही, आणि खुबी सांगायची नाही. (पहिली अट त्यांनी माझ्यापुढे स्वतःच मोडली होती, पण ते मी बोलले नाही.)

येथून पुढचे लिहायला मला थोडी लाज वाटते.

गणपतीत तिसऱ्या रात्री आमच्या घरी भजन झाले. उसळ-पाव झाला. मग बाबा म्हणाले, दाखव तुझा खेळ. मी दाखवला. सगळे वा वा म्हणू लागले तशी मला हुरूप आला. मी आपल्या मनाचे जास्त काही घातले. डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत पुटपुटले, कॅटवर फुंकर घातली आणि “मला दिसले” असे म्हणून पानाचे नाव सांगितले. आजोबा असे काही करत नाहीत. ते नुसती टिचकी मारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची म्हातारी काकी नारळ आणि अकरा रुपये घेऊन आमच्या पडवीत आली. तिचा मुलगा मुंबईला असतो. दीड वर्ष त्याचा फोन नाही, जुना नंबर लागत नाही. काकीने नारळ माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “बाय गो, तुका पानाचो पत्तो लागता, मगे माझ्या झिलाचो लागूचो नाय काय?”

मला काय बोलावे सुचेना. आई चुलीकडे होती. मी खोटे सांगितले असते की तो बरा आहे, येईल, तर काकी खूश होऊन गेली असती. हे माझ्या मनात आले होते, ते लपवत नाही. पण तिने आणखी एक सांगितले. दुसऱ्या गावातल्या एका माणसाकडे ती आधी जाऊन आली होती. त्याने ताटात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या, काकीला एक उचलायला लावली. चिठ्ठीत निघाले की घराण्याला दोष आहे, विधी करावा लागेल. त्याने एकवीसशे रुपये घेतले. फोन काही आला नाही.

मी आत जाऊन कॅट घेऊन आले. काकीच्या शेजारी बसले आणि एक लांब पान नि एक तिर्री तिच्या हातात दिली. काकीला नीट दिसत नाही. तिने दोन्ही पाने एकावर एक ठेवून काठावरून बोट फिरवले. “ह्या वायच तोकडा आसा,” ती म्हणाली. मी मग सगळा कॅट तिच्यापुढे पसरला. तिर्री, तिर्री, तिर्री. तिला दोनदा करून दाखवले. तिसऱ्यांदा तिच्याच हाताने पाने सोडायला लावली.

काकी बराच वेळ गप्प होती. मला वाटले रागावली. मग म्हणाली, “म्हणजे मी खयचाय उचलला तरी तिर्रीच?” मी हो म्हटले. तेव्हा ती म्हणाली, “मगे त्येच्या ताटातल्यो चिठ्ठयो पण अशोच आसतल्यो.”

हे मला सुचले नव्हते. पाचवीपर्यंतही न शिकलेल्या काकीला सुचले.

शाळेत गुरुजींना सांगितले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या माणसाने १५८४ साली एक जाडजूड पुस्तक लिहिले. चेटूक म्हणून गरीब म्हाताऱ्या बायकांना पकडून शिक्षा करत, ते त्याला पटत नव्हते. लोकांना हातचलाखी आणि करणी यांतला फरक कळावा म्हणून त्याने पत्त्यांच्या, नाण्यांच्या, दोऱ्यांच्या युक्त्या उघड करून लिहिल्या. म्हणजे खुबी सांगणारी मी पहिली नव्हे. दुसरे असे की आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर पुष्कळ वर्षे झटले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. अंगात शक्ती आहे असे भासवून लोकांना फसवणे आता गुन्हा आहे. मनोरंजनासाठी, जादू म्हणून सांगून केलेली जादू गुन्हा नव्हे, म्हणून कुणी घाबरू नये. पण फुंकर घालून “मला दिसले” म्हणणे मी बंद केले आहे.

आजोबांना फोन केला तेव्हा मला धडधडत होते. अट मोडली होती ना. ते आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मीया ता तुझ्या मामाक पण सांगूक नाय.” पुन्हा थोडे थांबून म्हणाले, “काकीक सांगलंस ता बरा केलंस.” आणि त्यांनी काकीच्या मुलाचे पूर्ण नाव विचारून लिहून घेतले. आपल्या गावची मंडळी लालबाग-परळला अजून आहेत, ती एकमेकांना धरून असतात. आजोबा दोन रविवार काठी टेकत फिरले. दोन ठिकाणी कुणाला माहीत नव्हते. तिसऱ्या ठिकाणी कळले की तो काम सुटल्यावर वसईकडे गेला आहे, त्याच्याबरोबर काम केलेला एक जण तिकडे जातो-येतो. त्याच्याजवळ आमच्या घरचा नंबर आणि काकीचा निरोप दिला आहे. हा लेख लिहीपर्यंत फोन आलेला नाही. काकी रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसते.

एक गोष्ट राहिली. आपल्या सावंतवाडीची गंजिफा सर्वांनी पाहिली असेल. राजवाड्यात लाखेच्या रंगांनी रंगवतात. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती कला मरता मरता वाचवली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची बारा-बारा मिळून १२० पाने असतात आणि ती गोल असतात. मी बराच विचार केला, गोल पानांवर आजोबांची युक्ती चालेल का? गोल पानाला लांबी-रुंदी नसते. ते हातात कसेही फिरते, त्यामुळे एक काठ कापला तर तो कधी बोटाकडे येईल, कधी अंगठ्याकडे. सगळे पान लहान केले तर ते डोळ्यांना लगेच दिसेल. मला तरी जमणार नाही असे वाटते. कुणाला जमले तर पुढच्या अंकात लिहावे.

घरी असा कॅट करायचा तर सव्वीस सारखी पाने मिळवणे कठीण आहे. त्यासाठी दोन जुने कॅट घेऊन एवढेच करून बघा. एकातली चार पाने आखूड कापा आणि दुसऱ्या त्याच पाठीच्या कॅटमध्ये लांबच लांब अंतरावर घाला. डोळे मिटून, काठावरून पाने सोडत आखूड पान कुठे आहे ते बोटाला कळते का बघा. मला आठ दिवस लागले. कात्री मोठ्या माणसांना विचारून घ्यावी, आणि कॅट घरच्यांचा खेळायचा नसावा. आमच्याकडे त्यावरून एकदा झाले आहे.

आजोबांना विचारूनच मी त्यांचा कॅट शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात ठेवला आहे. पालकांना बघायचा असल्यास गुरुजींकडून मागून घ्यावा, पण पिसू नये, जोड्या मोडतात आणि मला पुन्हा लावत बसावे लागते. काल मोजले तेव्हा तिर्र्या पंचवीसच भरल्या. सहावीच्या मुलांनी बघायला नेला होता. ज्याच्याकडे राहिली असेल त्याने मुकाट्याने परत आणून ठेवावी. त्या पाठीचा कॅट आता मिळत नाही, आणि ती खोलीही आता नाही.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी